कुसरवाडीची शीव आणि राहून गेलेली दोन पानं

कागल ओलांडून आजऱ्याच्या रस्त्यावर

कोल्हापूरहून आजऱ्याला जाणारी एस.टी. कागल सोडलं की थोड्याच वेळात कर्नाटकात शिरते. निपाणी, संकेश्वर करून गडहिंग्लजच्या अलीकडे पुन्हा महाराष्ट्रात येते. गाडीतल्या कुणालाच याचं काही वाटत नाही. दुकानांच्या पाट्यांची लिपी बदलते एवढंच. संकेश्वरला खिडकीशी आलेली बाई कन्नडमध्ये ओरडत होती आणि सुट्टे परत देताना मराठीत भांडत होती. तिच्या टोपलीत शेंगा होत्या. शेंगा दोन्हीकडे शेंगाच.

हा सगळा मुलूख असाच आहे. खाली घाट उतरला की कोकण, त्याच्या पलीकडे गोवा, पूर्वेला बेळगाव, वर कोल्हापूर. या चारही वाटांनी माणसं आली आणि जंगल तोडून राहिली. मी तिथल्या कुसरवाडी नावाच्या गावात अकरा वर्षं मास्तरकी केली. त्या गावाचा इतिहासही मीच लिहिला, आणि तो खोटा लिहिला. दोन हजार पाच सालच्या चैत्रात बायकोला घेऊन तिकडे गेलो, तो ते निस्तरायला.

झालं होतं असं. पंच्याण्णव साली शाळेला पन्नास वर्षं झाली, तेव्हा गावानं एक पुस्तिका काढायचं ठरवलं. माहिती गोळा करण्याचं काम माझ्याकडे आलं. घरोघर हिंडलो. बौद्ध वस्तीत कृष्णाबाई कांबळे नावाच्या बाईंनी मला एक हकिकत सांगितली. गावची शीव, म्हणजे हद्द, त्यांच्या पणज्यामुळे ठरली होती. मी ती दोन पानं उत्साहानं लिहिली. समितीतल्या दोघांनी वाचली आणि म्हणाले, "गुरुजी, हे कशाला? गाव आपल्या सात घरांनी वसवलं, एवढंच ठेवा." माझी निवृत्ती तीन महिन्यांवर होती. मला निरोपाचा शाल-नारळ हवा होता. मी ती पानं काढून खिशात घातली.

प्रकाशनाच्या दिवशी कृष्णाबाई हिरवं इरकली लुगडं नेसून पहिल्या रांगेत बसल्या होत्या. पुस्तिका वाचून संपली. त्या माझ्याकडे आल्या. "गुरुजी, माझं पान न्हाय का आलं?" मी म्हणालो, "छपाईत राहिलं, बाई." त्या "बरं" म्हणाल्या आणि गेल्या.

त्या "बरं"नं मला दहा वर्षं सुखानं जेवू दिलं नाही. शेवटी कोल्हापूरजवळच्या गडमुडशिंगीच्या आमच्या घरात ती पिवळी पडलेली पानं मी सुमनला, माझ्या बायकोला, दाखवली. तिनं वाचली. मग म्हणाली, "जन्मभर पोरांच्या चुका लाल शाईनं काढल्यासा. आता स्वतःची काढा की. मीबी येते. तुमी एकटं गेलासा तर अर्ध्या वाटेतनं परत येशीला."

गाडीत त्या पानांची पिशवी मीच मांडीवर धरून बसलो होतो. कृष्णाबाई जिवंत आहेत हे पत्रानं कळलं होतं. त्या मला दारात उभं करतील की नाही, आणि ती हकिकत आता तरी छापू देतील की नाही, हे कळलेलं नव्हतं.

मिंगेलच्या घरी

आजऱ्याला उतरलो तेव्हा सगळ्या गावाला भाजक्या काजूचा वास येत होता. तिथून कुसरवाडीला नेण्यासाठी माझा जुना मित्र मिंगेल बारदेसकर जीप घेऊन आला होता. मिंगेलचे पूर्वज काही पिढ्यांमागे गोव्यातून घाट चढून वर आले. घरात क्रुसापुढे मेणबत्ती असते, म्हातारी माणसं प्रार्थना कोकणीत करतात, आणि बैल उधळला की शिव्या अस्सल घाटी मराठीत.

"गुरुजी, म्हातारं झालासा की वं!" तो स्टँडवरच ओरडला. त्याचे स्वतःचे सगळे केस पांढरे झाले होते.

"आणि तू?"

"म्या काय, म्या काजूगत हाय. वरनं सुकलोय, आत गर हाय."

त्याच्या बायकोनं, फिलोमिना वहिनींनी, ओल्या काजूची आमटी आणि घनसाळ तांदळाचा भात केला होता. हा तांदूळ एका घरात शिजला की शेजारच्या तीन घरांना कळतं. आमच्याकडे तांबड्या रश्श्यानं डोळ्यांतून पाणी काढल्याशिवाय पाहुणचार पुरा होत नाही. इथं तिखट बेताचं आणि आग्रह जास्त. सुमननं तिसऱ्यांदा भात घेतला तेव्हा मी तिच्याकडे पाहिलं. ती म्हणाली, "बघताय काय? तुमी पश्चात्ताप करा. मला जेवू द्या."

जेवणानंतर एक घोटाळा केला. अंगणातल्या झाडाचा पिकलेला, लालबुंद बोंडू दिसला. काजूचं ते रसाळ फळ खाऊन मला दहा वर्षं झाली होती. उभ्यानंच चावलं आणि रस थेट छातीवर सांडला. बोंडूचा डाग धुतल्यानं जात नाही, उलट तपकिरी होत जातो. कृष्णाबाईंकडे जाण्यासाठी म्हणून शिवलेला तो पांढरा सदरा होता.

"ऱ्हाऊ दे," मिंगेल म्हणाला. "डाग लागल्याला माणूसच चाललाय न्हवं तिच्याकडं? बरोबर दिसतंय."

कृष्णाबाईंच्या ओसरीवर

दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो. कृष्णाबाई नव्वदीच्या घरात. पाय गेलेत, पण डोळे आणि जीभ शाबूत. भिंतीवर बुद्धाची तसबीर, खाली ओळीनं लावलेली पितळी भांडी. त्यांची नात शालन अंगणवाडीत शिकवते. तिनं "जयभीम" करून घोंगडं अंथरलं.

"या पावणं," कृष्णाबाई म्हणाल्या. "ओळखलं मी. सदऱ्यावर काय सांडलंय?"

"बोंडू."

"अजून खाता येत न्हाय व्हय तुमास्नी?"

मी वाटेत पाठ केलेलं सगळं विसरलो. सरळ म्हणालो, "बाई, तुमचं पान छपाईत राहिलं नव्हतं. मी काढलं होतं. खोटं बोललो."

त्या पान लावत होत्या. चुना लावून झाला, सुपारी घालून झाली. मग म्हणाल्या, "ठाऊक हाय की मला."

"कधीपासून?"

"त्याच आठवड्यात कळलं. गडहिंग्लजला ज्या छापखान्यात तुमचं बुक छापलं, तितं माझा भाचा खिळं जुळवायला हुता. अशोक. त्यो म्हणाला, आत्ती, तुझं नाव असल्यालं पान आमच्याकडं आल्यालंच न्हाय."

"मग दहा वर्षांत बोलला का नाहीत?"

"तुमी बोलताय का, बगत हुते."

सुमन खाली मान घालून हसत होती. मला वाटतं तिला रडूही येत होतं.

मी जुनी दोन पानं काढली. कृष्णाबाई म्हणाल्या, "वाचा." मी वाचू लागलो. पूर्वी कधीतरी कुसरवाडी आणि शेजारच्या गावात ओढ्याकाठच्या रानावरून भांडण लागलं. तेव्हाच्या रीतीप्रमाणे निवाडा ठरला. ज्याच्याकडे गावकीचं, म्हणजे शीव राखण्याचं काम, त्यानं अंघोळ करून वादातल्या जमिनीचं ढेकूळ डोक्यावर घ्यायचं आणि हद्द चालायची. तो चालेल ती शीव. त्यानंतर ठरलेल्या दिवसांत त्याच्या घरात आजार किंवा मरण आलं, तर तो खोटं चालला असं धरायचं. कृष्णाबाईंचा पणजा रामा चालला. कुसरवाडीला रान मिळालं. मी पुढे लिहिलं होतं, 'अशा प्रकारे रामाने अपार निष्ठेने...'

"थांबा," त्या म्हणाल्या. "निष्ठा कुठनं आली?"

मी पानं खाली केली.

"रान कुणाला घावलं? सात घरांस्नी. मग ढेकूळ त्यांच्या डोस्क्यावर का न्हाय ठेवलं? मरायचं झालं तर कोण मरावं, ते आधीच ठरल्यालं हुतं गुरुजी. निष्ठा म्हणं!"

शालन हळूच म्हणाली, "आज्जे, ताप सांग त्यांना."

"ते मी मागल्या खेपंला सांगितलं न्हवतं. एवढी वळख न्हवती." त्यांनी पानाची पिंक टाकली आणि सांगू लागल्या. रामा चालून आला, आणि चारच दिवसांत त्याच्या तान्ह्या पोराला ताप भरला. गावाला कळलं असतं तर रामा खोटा ठरला असता, रान गेलं असतं, आणि रामाचं काय झालं असतं ते विचारायलाच नको. आईनं पोराला कणगीमागे निजवलं. रडायला लागलं की ती जात्यावर बसायची. घरात दाणे नव्हते. नुसतंच जातं फिरवायची, आवाज झाकायला.

"वैदाला बोलवायची सोय न्हाय. पण रोज पाटं, आई पाण्याला जायची तवा, शिवंच्या दगडावर एक गाडगं असायचं, काढ्याचं. कुणी ठेवलं, कवा ठेवलं, आमच्या घराला कदी कळलं न्हाय. रिकाम्या जात्याचा आवाज कुणीतरी वळखला आसणार. आईनं त्यो काढा पाजला. सात दिसांनी ताप उतरला." त्या माझ्याकडे पाहून पहिल्यांदाच हसल्या. "ते पोरगं म्हंजे माझा आज्जा. त्यो जगला, म्हणून मी बसलीय हितं तुमास्नी बोलायला."

मी वही उघडली. त्यांनी हात आडवा केला.

"आत्ता न्हाय. अकरा वरसं ऱ्हायलासा हितं. कुसरवाडीची शीव कदी चाललासा?"

"नाही."

"न बघता लिवलंसा. उद्या चालून या. मग लिवा, मग मला वाचून दावा. पटलं तर छापा म्हणीन. न्हाय पटलं तर हीबी पानं चुलीत."

मला काय सुचलं कोण जाणे, मी म्हणालो, "मी ढेकूळ घेऊन चालतो डोक्यावर."

"काय नगं! आमच्या घरानं एकदा घेतलं तेवढं बास झालं. आता कुणाच्याबी डोस्क्यावर ढेकूळ नगं. पाय चालवा आन डोळं उघडं ठेवा."

शीव

तिसऱ्या दिवशी सकाळी निघालो. मी, सुमन, शालन आणि वाट दाखवायला मिंगेल. त्याच्या दुसऱ्या दिवशी गावची जत्रा होती, त्यामुळे पुण्यामुंबईची माणसं आलेली. ओढ्याला मोटारी धुणं चाललं होतं. "कुठं निघालासा?" असं जो तो विचारी, आणि मिंगेल ठणकावून सांगे, "गुरुजीस्नी शिक्षा झालीया. शीव चालायची." दुसऱ्या वळणापर्यंत आमच्या मागे आठ-दहा माणसं होती. शिक्षा बघायला गर्दी फुकट जमते.

मी अकरा वर्षं वर्गातल्या फळ्यावर खडूनं या गावाचा नकाशा काढला होता. तो एका दमात काढता येतो. पायांनी काढायला साडेचार तास लागले. उत्तरेला काजूची उतरण. त्यातली पहिली झाडं मिंगेलच्या आज्यानं लावली. लोक त्याला हसायचे, माळावर भात सोडून बोंडू लावतोय म्हणून. पश्चिमेला धनगरवाडा. तिथल्या म्हातारबानं आम्हाला ताक दिलं आणि विचारलं, "तुमच्या बुकात आमी हाय का?" मी म्हणालो, नाही. "मग ताक परत करा," तो म्हणाला आणि आणखी एक तांब्या ओतला. त्याच्या पूर्वजांच्या शेळ्यांनी पाडलेली वाट तीच आज गावची डांबरी सडक आहे, हे मला तिथं उभं राहिल्यावर दिसलं. माझ्या पुस्तिकेत ती सडक "सात घरांच्या परिश्रमाने" झाली होती.

सुमनच्या चपलेचा अंगठा तुटला. मिंगेलनं काथ्यानं बांधून दिला. माझा गुडघा बोलू लागला होता, पण शालन पुढे चालत होती आणि तिला "थांब" म्हणायला तोंड नव्हतं.

ओढा वळतो तिथं शिवेचा दगड आहे. कमरेएवढा, काळा, वरून सपाट. आम्ही पोचलो तेव्हा तिथं एक बाई पाठमोरी उभी होती. दगडावर तिनं नुकतंच एक गाडगं ठेवलं होतं.

"कोण, गंगाक्का?" मिंगेलनं हाक मारली.

गंगाक्का लिंगायताच्या घरातली. त्यांचं घराणं बेळगावकडून आलेलं. घरात अजून कानडी चालते, आईला अव्वा म्हणतात. ती वळली. "बर्री, या या गुर्जी! कवा आलासा? एवढी मानसं घिऊन कुठं?"

"आधी तुम्ही सांगा. हे काय ठेवलंय?"

"त्ये व्हय? आमच्यात हाय तसं, लई पूर्वीपासनं. जत्रंच्या आदल्या दिवशी शिवंवर गाडगं ठेवायचं. आमच्या सासूनं ठेवलं, तिच्या सासूनं ठेवलं."

"कुठल्या देवाला?"

"देव कुठला? दगडाला. आन सगळी लोकं देवाला ग्वाड ठेवत्यात. आमच्यात कडू. आडुळसा, तुळस, मिरं. मी लगीन होऊन आले तवा सासूला विचारलं, आत्ती, दगडाला खोकला झालाय काय? तर म्हणाली, ठेवायचं म्हंजे ठेवायचं. पाटं ठेवायचं, मागं वळून बगायचं न्हाय. आज घरात जत्रंची पावणं, म्हणून लई उशीर झाला."

शालन दगडापाशी खाली बसली. तिनं गाडग्याला हात लावला. गरम होतं.

"आक्का," ती म्हणाली, "हे आमचं हाय."

मग तिनं सांगितलं. कणगीमागचं पोर, रिकामं जातं, पहाटेचा काढा. गंगाक्का उभ्यानं ऐकत होती. मागची माणसं, जी शिक्षा बघायला आली होती, ती ओढ्याच्या काठावर बसली. दोन घरांनी एका गोष्टीचे दोन तुकडे इतकी वर्षं सांभाळले होते. एकाला माहीत होतं काढा कुठं मिळाला. दुसऱ्याला माहीत होतं कुठं ठेवायचा. मधल्या वाटेबद्दल कुणी कुणाशी बोललंच नव्हतं. आणि गावचा इतिहासकार मी!

गंगाक्कानं पदरानं डोळे टिपले आणि एकदम खेकसली, "मग हितं दगडावर काय ठेवलंय मी येड्यागत? चला!" तिनं गाडगं उचललं. "तवा दगडावर ठेवायला लागलं, कारण तवाची आमची अव्वा तुमच्या दारात यायची न्हाय आन तुमास्नी आमच्या दारात येऊ दिलं न्हाय. आता कोण अडीवतंय? कृष्णाबाई हाय न्हवं घरात?"

उरलेली शीव आम्ही अक्षरशः पळतच पुरी केली. दोन्ही हातांत गाडगं धरून गंगाक्का सगळ्यांच्या पुढे, आणि मागे "सांडू नगा, सांडू नगा" करत मिंगेल.

कृष्णाबाई ओसरीवरच होत्या. गंगाक्कानं गाडगं त्यांच्या हातात दिलं, खाली न ठेवता, हातातून हातात. काय घडलं ते शालननं कानाशी वाकून सांगितलं. कृष्णाबाईंनी गाडग्यात पाहिलं, वास घेतला, एक घोट घेतला.

"लई कडू हाय गं बाई," त्या म्हणाल्या. "ताप भिऊनच गेला आसंल."

एवढं हसणं मी त्या गावात अकरा वर्षांत ऐकलं नव्हतं. मग गाडगं सगळ्यांत फिरलं. मला मिळाला तो तळाचा घोट, मिऱ्यांसकट.

जत्रा

त्या दुपारी मिंगेलच्या पडवीत बसून मी लिहिलं. जत्रेच्या दिवशी, पालखी येऊन गेल्यावर, कृष्णाबाईंच्या अंगणात वाचलं. दोनाची सोळा पानं झाली होती. ऐकायला धनगर, मिंगेलची माणसं, गंगाक्काचं सगळं घर, सात घरांतलीही बरीच मंडळी होती. पान काढा म्हणणाऱ्या दोघांपैकी एक आता हयात नाहीत. दुसरे आबा काठी टेकत आले आणि मागे बसले.

वाचून संपलं तेव्हा त्यांनी विचारलं, "गुरुजी, त्यात माझं नाव घातलंय काय?"

"नाही आबा. माझंच घातलंय."

"बरं केलंसा," ते म्हणाले. मग जमिनीकडे बघत, "घातलं असतं तरी चाललं असतं."

मी कृष्णाबाईंकडे पाहिलं. त्या हिरवं इरकली लुगडं नेसल्या होत्या, तेच. त्यांनी नुसती मान हलवली. "जात्याचा आवाज बरोबर आलाय," म्हणाल्या. "छापा."

गडहिंग्लज

परतताना गडहिंग्लजला उतरलो. कृष्णाबाईंच्या भाच्याचं, अशोकचं, आता स्वतःचं छपाईचं दुकान आहे. खिळे गेले, संगणक आलाय. भिंतीवर लग्नपत्रिकांचे नमुने आणि त्यांत एका काचेत जपून ठेवलेला, जुन्या खिळ्यांनी जुळवलेला एक शब्द: 'शीव'. "आत्तीच्या पानासाठी आधीच जुळवल्याला," तो म्हणाला. पान का आलं नाही, ते त्यानं विचारलं नाही.

मी कागद पुढे केले. त्यानं चहा सांगितला, हात पुसले, आणि माझ्यासमोर एकेक पान उलटत मोठ्यानं मोजू लागला. मी टेबलाशी, वही तपासायला दिलेल्या पोरासारखा उभा. सुमन माझ्या बाजूला.

"...चौदा, पंधरा, सोळा." त्यानं कागद टेबलावर ठोकून सारखे केले. "वाईट वाटून घेऊ नका गुरुजी. आत्तीनं फोन केलता. म्हणाली, गुरुजी येतील, सोळा पानं हायत, मोजून घे."

"मग?"

"भरली सगळी," तो म्हणाला, आणि मला बसायला खुर्ची दिली.